एका चित्रात दोघं

आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका वर्षी एका सिनेमाचा ट्रेलर दाखवला होता. तो सिनेमा काही आला नाही, आणि आता येणारही नाही. त्या ट्रेलरची नायिका मी होते. नायिका म्हणजे फार काही नाही, पोपटी साडी नेसून गंगेच्या पुलावरून चालत जाणारी एक मुलगी. गोदावरीला आम्ही नाशिकची माणसं गंगाच म्हणतो.

ऐंशी सालाच्या पुढेमागे घडलेली ही गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि नायक माझ्याच वर्गातला. गंगेपलीकडे, मखमलाबादच्या बाजूला, त्यांचा फुलांचा मळा होता. पहाटे फुलबाजारात टोपल्या उतरवून तो तसाच कॉलेजला यायचा. पहिल्या तासाला त्याच्या बाहीला झेंडूचा वास आणि डोळ्यांवर झोप असायची. सर काही विचारायला लागले की मी माझी वही थोडी त्याच्या बाजूला सरकवायचे. बाकी आमचं बोलणं 'तुम्ही'वर अडलेलं होतं. तेव्हा वर्गातल्या मुलामुलींमध्ये तसंच चालायचं, आणि त्या 'तुम्ही'च्या आडोशाला किती काय काय राहायचं ते ज्याचं त्याला ठाऊक.

सिनेमा काढायचं वेड त्याचं. एका स्टुडिओवाल्या काकांकडे चावी देऊन चालवायचा जुना मूव्ही कॅमेरा धूळ खात पडला होता. हा त्यांच्या इतका मागं लागला की शेवटी काकांनी कंटाळून तो दोन रविवारांसाठी दिला. सोबत एकच रीळ, तेही मुदत उलटून गेलेलं. सबंध चाललं असतं तरी चार मिनिटांच्या आत संपणारं. त्यात सिनेमा कसा बसवायचा यावर तो आठवडाभर डोकं खाजवत बसला होता. तोड काढली ती माझ्या मामानं.

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नांदगावहून नाशकात आला तो एका थिएटरात ऑपरेटर म्हणूनच. मशीनच्या केबिनमध्ये आयुष्य गेलेला माणूस. त्यानं कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि निकाल दिला, "एवढ्यात पिक्चर नाय व्हत. ट्रेलर व्हतो. लोकाला ट्रेलर दाखवा. लोकच म्हनतील, आता पिक्चर काढा." मामाच्या मते सिनेमापेक्षा ट्रेलरच भारी असतो, कारण त्यात कंटाळवाणं काही नसतं आणि शेवट कळत नाही.

तर ठरलं. संमेलनात ट्रेलर दाखवायचा, सगळ्यांना आवडला की पुढच्या वर्षी खरा सिनेमा. राहिला प्रश्न नायिकेचा. वर्गातल्या एकाही मुलीच्या घरून होकार येईना. मी विचारायच्या आधीच घाबरून गेले होते. आमचं घर बौद्ध, त्याचं घर मळेवाल्यांचं, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, आमच्या आत्यानं, माझ्यासाठी दोन स्थळं आणली होती आणि अण्णांनी "बी.ए. होऊ दे" म्हणून ती दोन्ही दारातून परत पाठवली होती. सबंध भावकीशी ते एकटे या एका वाक्यावर भांडत होते. माझं एक पाऊल वाकडं पडलं असतं तर ते वाक्य त्यांच्या घशात गेलं असतं आणि माझं कॉलेज तिथंच थांबलं असतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मामा बरोबर असणार, दिवसाउजेडी काम, रविवारचं. मग म्हणाले, "कर. पण एका चित्रात दोघं दिसायचं नाही. एवढं एकच सांगतो."

ते रागावून म्हणाले नव्हते. गावी असताना अण्णांनी अशा गोष्टींचा शेवट पाहिला होता. कुणाचा, कसा, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण त्यांचा आवाज त्या वाक्याला जरा खाली गेला, आणि मी मान हलवली.

त्याला ही अट सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याला वाईट वाटलं असेल तर त्यानं ते दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गोष्टच घेऊन आला. एका गावात एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांना शोधतात आणि दरवेळी थोडक्यात चुकतात. तो पुलावरून गेला की ती पुलावर येते. ती स्टँडवरून निघते तेव्हा तो नुकताच तिथून गेलेला असतो. जागा त्याच, माणसं वेगळाली. म्हणजे अट पाळायची म्हणून नव्हे, गोष्टच तशी आहे म्हणून दोघं एकत्र दिसत नाहीत. त्याच्या डोक्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

कॅमेऱ्याचीही आम्हाला साथ होती. ते रीळ रुंदीला दुप्पट असायचं. एकदा चालवलं की अर्ध्या रुंदीवर चित्रं उमटायची. मग भरलेलं रीळ काढून, बाजू पालटून परत घालायचं, की उरलेल्या अर्ध्यावर. धुणारे ते मधोमध चिरून एकापुढे एक जोडून द्यायचे. पहिला अर्धा भाग त्याचा, दुसरा माझा. अण्णांच्या अटीला याहून सोयीचं रीळ कुठं मिळालं नसतं.

पहिला रविवार त्याचा. तो कॅमेऱ्यापुढे, म्हणून कॅमेरा माझ्या हातात. मामाला यंत्राची भीती नव्हती, पण डोळा लावून माणूस धरायचं काम त्याला जमेना. केबिनमधल्या भोकातून तो जन्मभर पडदाच बघत आलेला. कॅमेरा ठेवायला तीन पायांचं तिकाटणं नव्हतं. फुलांची बांबूची टोपली उपडी घालायची, वर कॅमेरा ठेवायचा आणि दहा म्हणेपर्यंत बटण दाबून धरायचं. पुढच्या रविवारी बरोबर तिथूनच माझं चित्र घ्यायचं होतं, म्हणून टोपलीभोवती मी खडूनं गोल आखत होते. पूल, सीबीएसचा एस.टी. स्टँड, फुलबाजार, शेवटी घाट. येणारेजाणारे थांबून बघायचे आणि मामा त्यांना थिएटरातल्यासारखा "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करायचा.

घाटावर त्यानं पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर थांबायचं आणि वळून बघायचं, असं ठरलं होतं. तो वळला. मी दहापर्यंत मोजायचं विसरले. कॅमेऱ्याच्या त्या भोकातून त्याच्याकडे कितीही वेळ बघितलं तरी चालत होतं. कुणी काही म्हणणार नव्हतं, उलट ते माझं कामच होतं. दोन वर्षांत मी त्याला असं सरळ कधी पाहिलंच नव्हतं. कपाळावर आलेले केस, उन्हानं बारीक केलेले डोळे. कॅमेऱ्याची चावी संपून खट्ट झालं तेव्हा मी बटण सोडलं. त्याच्या वाटणीचा रिळाचा भाग तिथंच संपला होता.

"जरा जास्त झालं," मी म्हटलं.

तो म्हणाला, "होऊ द्या."

रिळाची बाजू पालटायचं काम अर्थातच मामाचं. स्टुडिओवाल्या काकांनी कसं ते त्याला समजावून दिलंच होतं. मामा कॅमेरा घेऊन केबिनमध्ये गेला, दिवे घालवले, वर गोधडी पांघरली आणि बऱ्याच वेळानं घामेजून बाहेर आला. बसवलं म्हणाला. आम्ही त्याच्याकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघत होतो.

दुसरा रविवार माझा. खडूचे गोल बहुतेक ठिकाणी शाबूत होते. जिथं पुसले होते तिथं त्याला जागा तोंडपाठ होती. आता तो टोपलीमागे बसलेला आणि मी पुढे. पोपटी साडी आईची. मी आयुष्यात इतकी वाईट कधी चालले नसेन; कॅमेरा सुरू झाला की हात कुठं ठेवायचे तेच कळेना. तो मात्र कुठं ओरडला नाही, हसला नाही. घाटावर मी शेवटच्या पायरीला पोचले आणि वळायचंच विसरले. मागून आवाज आला, "इकडे बघ."

'बघा' नव्हे. मी वळले ती त्या शब्दामुळे, आणि चेहऱ्यावर जे काही होतं ते तसंच त्या कॅमेऱ्यात गेलं. मामा बिडी पेटवायला थोडा लांब गेला होता.

शेवटी घाटाच्या फरशीवर आम्ही झेंडूच्या पाकळ्यांनी 'लवकरच' असं लिहिलं. वारा पाकळ्या उडवायला लागला तसं मी एका बाजूनं आणि मामानं दुसऱ्या बाजूनं धोतर-पदर आडवे धरले, आणि त्यानं वरून ते चित्र घेतलं. रीळ संपलं.

धुवायला ते मुंबईला द्यावं लागलं. ओळखीच्या माणसाबरोबर गेलं, आणि संमेलन तोंडावर आलं तरी परत येईना. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. संमेलनाच्या दिवशी दुपारी मामा स्टँडवरून डबी घेऊन थेट हॉलवर आला. आधी लावून बघायला वेळच नव्हता. काकांचं पडद्यावर दाखवायचं छोटं मशीन मामानंच पुसून, तेल घालून तयार ठेवलं होतं. नाच झाले, नकला झाल्या, बक्षिसं झाली. अण्णा आणि आई येऊन तिसऱ्या रांगेत बसले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी मुलींच्या घोळक्यात भिंतीला टेकून उभी होते आणि तो मशीनपाशी, मामाजवळ.

दिवे गेले. पडद्यावर पूल आला. चित्र फिकट होतं, उन्हात फार दिवस वाळत घातलेल्या कापडासारखं. पुलावरून तो चालत आला. आणि त्याच पुलावर, समोरून, मी.

आधी मला कळेचना. मी त्याच्या अंगावरून, नव्हे अंगातून, पलीकडे गेले. दोघंही आरपार दिसत होतो. आमच्यामधून पुलाचा कठडा दिसत होता. मग स्टँड. तो बाकावर बसलेला आणि त्याच बाकावर मीही. फुलबाजारात तो टोपली खाली ठेवतो, तिथंच मी वाकून फुलं बघते. टोपलीचे गोल आम्ही इतक्या इमानानं सांभाळले होते, की जागा जागेवर बरोबर बसली होती आणि एकमेकांना कधीच न भेटणारी दोन माणसं प्रत्येक जागी भेटत होती. हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. मी अण्णांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होते. ते हललं नाही.

घाट आला. आम्ही दोघं पायऱ्या उतरलो, शेवटच्या पायरीवर शेजारी शेजारी थांबलो, आणि वळून समोर बघितलं. लग्नाच्या फोटोत उभे राहतात तसे. मग मी विरून गेले आणि तो एकटा उभा राहिला. त्याच्या अंगावर झेंडूच्या पाकळ्यांनी अक्षरं उमटली, 'लवकरच', आणि सगळा हॉल टाळ्यांनी, हसण्यानं नुसता उसळला. त्यानंतर पडदा काळा झाला. मशीन चालू होतं, रीळ फिरत होतं, पण पडद्यावर काही नव्हतं. रिळाचा दुसरा अर्धा भाग कोरा राहिला होता.

चूक कशी झाली ते मामाच्या तिथंच लक्षात आलं. थिएटरात रीळ संपलं की ते लगेच उलटं गुंडाळून ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेळाला सुरुवातीपासून तयार. कैक वर्षं रोज तेच. गोधडीखाली अंधारात त्यानं सवयीनं आमचं रीळ आधी उलटं गुंडाळलं, मग बसेल तसं बसवलं. बाजू पालटलीच नाही. पहिल्या रविवारवर दुसरा रविवार जसाच्या तसा चढला.

मामा रीळ हातात घेऊन तिसऱ्या रांगेशी गेला. "दाजी," तो म्हणाला, "चूक माझी हाय. पोरांनी एकत्र काय बी काढलं नाय. संपलेलं रीळ माझ्या हातानं तसंच ठेवताच येत नाय."

अण्णा म्हणाले, "कळलं मला. बसा तुम्ही." आणि त्यांनी मामाला पाणी आणायला मला पाठवलं.

घरी आम्ही चालत गेलो. आई आणि मामा पुढे, मी आणि सायकल हातात धरलेले अण्णा मागे. रविवार कारंजाचा चौक आला. मी मनात कॉलेजचा निरोप घेऊन टाकला होता. मग त्यांनी विचारलं, "त्याचं चित्र कोणी घेतलं?"

"मी."

"आणि तुझं?"

"त्यानं."

सायकलची चेन तेवढी वाजत होती. अण्णांना अडाणी समजू नये. अट अक्षराला अक्षर पाळली होती, आणि तरी आम्ही दोघं सगळा वेळ एकत्रच होतो, एक कॅमेऱ्यापुढे आणि एक मागे, हे त्यांना त्या दोन उत्तरांत कळलं. घराच्या गल्लीत वळताना ते म्हणाले, "छान दिसत होतीस. पुन्हा नको."

कॉलेज थांबलं नाही. आत्याला त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण माझं बी.ए. होईपर्यंत ती परत आली नाही. त्यांनी शब्द पाळला, म्हणून मीही पाळला. सिनेमा निघाला नाही. मुलं बरेच दिवस आम्हाला बघून 'लवकरच' म्हणायची, आणि आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळायचो. रीळ एकच, त्याची दुसरी प्रत निघत नाही. एकदा जिन्यात गाठून त्यानं ते माझ्यापुढे धरलं. "तू ठेव," म्हणाला. मी म्हटलं, घरात कुठं ठेवू. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि परत पिशवीत टाकलं. आमच्यात 'तू' राहिलं ते तेवढंच. परीक्षा झाल्यावर तो अंबडला एका कारखान्यात लागला, मळा भावानं सांभाळला, आणि पुढे कुणाकडून तरी कळलं की तो बडोद्याकडे गेला. लग्न झालं, मुलं झाली, हेही तसंच कळलं.

मी शिक्षिका झाले. माझंही लग्न झालं आणि चांगलं झालं, उगाच खोटं कशाला बोलू. नवऱ्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, मलाही दाखव की. दाखवायला आहे काय माझ्याकडे? मी तो ट्रेलर एकदाच पाहिला, तोही अर्धा वेळ अण्णांच्या डोक्याकडे बघत. पुलावर चालताना मी हात कुठं ठेवले होते, तो बाकावर कोणत्या बाजूला होता, हे मला आता नीट सांगता येत नाही, आणि याचा मला कधी कधी फार त्रास होतो. ज्या वस्तूत आम्ही दोघं आहोत अशी जगात एकच वस्तू आहे आणि ती कुठल्यातरी परक्या गावी माळ्यावर असेल, किंवा नसेलही.

आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे राहायला आले. नजर अधू झाली होती. टीव्ही लावायचे तो ऐकायला. एका दुपारी कुठल्याशा नव्या सिनेमाची जाहिरात लागली होती. मी चहा घेऊन आले तर ते म्हणाले, "तुझा तो पिक्चर. पुरा झाला नाही ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय पहिल्यांदा काढला होता. मी म्हटलं, नाही झाला. वेळ नव्हता कुणाला.

"मी नको म्हणालो होतो," अण्णा म्हणाले.

मी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी चहाचा घोट घेतला. "आधी पूल होता," ते म्हणाले. "मग फुलबाजार."

"आधी स्टँड, अण्णा. मग फुलबाजार."

"नाही गं. आधी फुलबाजार. तू वाकली होतीस, तुझी वेणी पुढे आली होती, आणि त्यानं टोपली ठेवली ती डाव्या हातानं." मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी त्यांच्या पायाशी खाली बसले आणि बाकावर कोण कुठं होतं ते विचारलं. ते त्यांनी सांगितलं. माझे हात कसे होते तेही सांगितलं. पदराच्या टोकाला धरलेले, दोन्ही. तिसऱ्या रांगेतून त्यांनी सगळं पाहून ठेवलं होतं.

"आणि घाटावर?" मी विचारलं.

"घाटावर तुम्ही वळून बघता," अण्णा म्हणाले. मग कप खाली ठेवायला त्यांचा हात स्टूल शोधत होता, तो मी धरला. "दोघं छान दिसत होतात."